या वर्षी अक्रोड नकोत

भट्टी पेटवायची ती वहिनीनंच, हे अण्णा असल्यापासून ठरलेलं. अण्णा, म्हणजे तिचे सासरे, गवंडी होते. आयुष्यभर लोकांच्या भिंती बांधल्या, आणि स्वतःच्या घरात हौसेनं बांधलेली एकच गोष्ट म्हणजे मागच्या अंगणातली ही विटांची भट्टी. वर्षभर तिच्यावर कुंड्या, सायकलचं जुनं टायर, शेजारचं मांजर, काय वाटेल ते बसलेलं असे. वर्षाखेरच्या सुट्टीत मात्र एक दिवस ती झाडूनपुसून पेटवायची आणि उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत भाजत राहायचं. पावाला सगळ्यात जास्त आच लागते म्हणून आधी पाव, मग उतरत्या आचेवर बिस्किटं, आणि शेवटी लोखंडी झाकण लावून केक. केकाकडे कुणाला बघावं लागत नाही, तो आपला आपण शिजत राहतो.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली तरी यातलं काही चुकलं नव्हतं. माणसं तेवढी कमी होत गेली.

लाकडांनी धड पेट घेतल्यावर वहिनी हात झटकत स्वयंपाकघरात आली. माई ओट्याशी उभी राहून, आदल्या दिवशी संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुका चमच्यानं खालीवर करत होती. शेजारी सोललेल्या अक्रोडांचा वाडगा होता. वहिनीनं काल दुकानातून आल्यावर बसून ते सगळे फोडले होते.

"अगं," माई म्हणाली. ती सुनेला नावानं हाक मारत नसे, तिला 'अगं' एवढंच म्हणायची. "या वर्षी अक्रोड नकोत."

"केकात?"

"कशातच नकोत. पावात नको, बिस्किटांत नको."

"का हो?"

"माझी कवळी. तिच्याखाली कण जातात, मग दिवसभर ठणकतं."

"मग तुमच्यापुरता वेगळा साचा करते ना. बाकीच्यांना कशाला शिक्षा? भाऊजी तर अक्रोड वेचून वेचून खातात."

"एकदा नको म्हटलं ना."

माई असं तोडून कधी बोलत नसे. बोलल्यावर तिलाच ते जाणवलं असावं, कारण तिनं वाडगा उचलला आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीमागे सरकवला. गुडघ्यांच्या नावानं रोज कुरकुरणारी माई स्टुलावर चढली, हे वहिनीनं बघितलं.

"गल्लीत डबे द्यायला कितीला निघशील?" उतरता उतरता माईनं विचारलं.

"दरवर्षीसारखी. उन्हं कलली की."

"जरा आधी निघ. तीनला वगैरे. नंतर गारठा पडतो. आणि सावकाश जा, बस लोकांकडे, बोल. दरवर्षी डबा दारात ठेवून पळत येतेस."

वहिनीला आधी बरं वाटलं. मग तिला वाटलं, काहीतरी आहे.

या घरात ती थोरल्याची बायको म्हणून आली होती. थोरला जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा तो गेला तो दुसऱ्याच एका बंदरावर घर करून बसला. तिकडे एक बाई होती, पुढे एक मुलगीही झाली, असं कानावर आलं. वहिनीनं गल्लीच्या टोकाच्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम धरलं आणि सासूजवळ राहिली. लोकांनी आधी तिचं कौतुक केलं, मग कीव केली, आणि मग तेही विसरून गेले. आता गल्लीतली शेंबडी पोरंही तिला वहिनीच म्हणत. ती नक्की कुणाची वहिनी, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

*

धाकटा अंगणाच्या पायरीवर बसून साच्यांना लोणी लावत होता. तो बस डेपोत टाइमकीपर होता. दिवसभर दुसऱ्यांचा उशीर नोंदवायचा, त्यामुळे घरी आल्यावर कुणाला काही विचारायचं त्याच्या जिवावर येई. लग्न त्यानं केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "वेळ जुळली नाही."

ताई आली ती पुढच्या दारानं. ती या घरातली मधली. प्रसूतिगृहात मोठी नर्स होती आणि घरातही त्याच आवाजात बोलायची. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत लोण्याची पाकिटं. दुसरी तिनं पुढच्या खोलीतल्या कपाटात टाकली. धाकट्याला खिडकीतून दिसलं. पिशवीतून एका बाहुलीचा पाय बाहेर आला होता.

त्याला परवाच कळलं होतं, तेही ताईनं धमकावून सांगितलं म्हणून. तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं.

वहिनी निखारे ओढायला बाहेर आली. फावडं टेकवून ठेवलं आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"भाऊजी, अक्रोड का नकोत?"

"माईची कवळी," धाकटा साच्याकडे बघत म्हणाला.

"काल संध्याकाळी मी तासभर अक्रोड फोडत होते. त्या समोर बसल्या होत्या. दोन तोंडातसुद्धा टाकले त्यांनी. तेव्हा कवळी कुठे होती?"

धाकट्यानं आधीच लोणी लावलेल्या साच्याला परत लोणी लावलं.

"मला विचारू नकोस वहिनी. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोललो तर ताई मला कच्चा खाईल."

"बरं. मग नका सांगू."

ती उठली नाही. नुसती बसून राहिली. धाकट्याला तिचे हात दिसत होते. भिंगं घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. त्याच्या शाळेच्या डब्यापासून त्याच्या आजारपणापर्यंत सगळं याच हातांनी केलेलं. तो बारावीत नापास झाला तेव्हा घरात कुणीही बोलत नव्हतं आणि हिनं त्याला गरम पावाचा तुकडा लोणी लावून आणून दिला होता, तोही भट्टीच्या दिवसातला नाही, साधा बाजारातला.

"तिला अक्रोड चालत नाहीत," तो म्हणाला. "खाल्ला की घसा सुजतो."

"कुणाला?"

"दादाच्या मुलीला. आज येतायत. दादा आणि ती. तू डबे द्यायला गेलीस की."

वहिनीनं मान हलवली, एखाद्यानं रस्ता सांगितल्यावर हलवतात तशी. मग उठून तिनं निखारे ओढायला घेतले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असेल किंवा तसंच आलं असेल, धाकट्यानं बघितलं नाही.

*

माईला कळलं. वहिनी आत आली, हात धुतले, परातीसमोर बसली आणि फुगलेल्या पिठात मुठी रोवल्या, तेवढ्यावरून कळलं. पीठ मळताना वहिनी नेहमी बोलायची. दुकानात कुणी कसला चष्मा मागितला, कोण स्वतःचाच चष्मा डोक्यावर ठेवून शोधत बसलं. आज नुसते परातीचे आवाज येत होते.

"किती वाजता यायचेत ते?" वहिनीनं विचारलं.

"कोण?" ताई म्हणाली.

"ताई, माझे हात पिठात आहेत. मला उगाच फिरवू नका."

माई स्टुलावर बसली. "साडेतीनला," ती म्हणाली.

"आणि मी तीनला निघायचं. सावकाश जायचं, लोकांकडे बसायचं. मग मी परत आले असते, कपबशा विसळल्या असत्या. कोण आलं होतं विचारलं असतं तर काय सांगणार होतात?"

"माझी दवाखान्यातली मैत्रीण म्हणून..." ताईनं सुरुवात केली.

"मी माईंना विचारतेय."

"कोपऱ्यावरची शेजारीण म्हणणार होते," माई म्हणाली. लपवण्यात आता काही अर्थ उरला नव्हता.

धाकटा दारात येऊन उभा होता. "मी सांगितलं तिला," तो म्हणाला.

"वाटलंच मला. तुझ्या पोटात काही टिकत नाही," ताई म्हणाली.

"नाही टिकत. तिच्याकडूनच भट्टी पेटवून घ्यायची, तिच्याच हातचं त्यांना खायला घालायचं आणि तिलाच दाराबाहेर पाठवायचं. एवढं आमच्या डेपोतसुद्धा कुणी कुणाला करत नाही, ताई."

"दाराबाहेर कोण पाठवतंय? दोन तासांचा प्रश्न होता. तुला काय जातंय बोलायला? माईला रात्ररात्र झोप नसते, ते मला माहीत आहे, तुला नाही. एक नात आहे तिला. एकुलती एक. ती तिनं बघायचीच नाही?"

परातीतले आवाज थांबले. मग परत सुरू झाले.

ताईच्या लक्षात आलं. "वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच आहे ते," वहिनी म्हणाली. "एकच नात आहे. मी थोडीच दिली एखादी?" तिनं पिठाचा गोळा उलटा केला. "माई, अण्णा गेले तेव्हा हे आले होते. तुम्ही दारात काय म्हणालात, आठवतं?"

"आठवतं."

"मी आहे तोवर हा या घरात पाय ठेवणार नाही. सगळ्यांसमोर म्हणालात. माझे बाबा मला न्यायला आले होते, बाहेर रिक्षा थांबवून. त्या एका वाक्यावर मी त्यांना परत पाठवलं. पुढं तेही गेले, आणि भावानं घर विकलं."

"आठवतं म्हटलं ना."

"मग?"

माईनं पदरानं उगाचच ओटा पुसला. हे बोलणं तिनं मनात कितीतरी वेळा करून पाहिलं होतं. मनातल्या मनात ती दरवेळी जास्त शहाणी असायची.

"तेव्हा राग होता मला," ती म्हणाली. "राग असला की माणूस काहीही धरून ठेवतं, हात दुखत नाहीत. तो कधी संपला ते मला कळलंच नाही. एक दिवस बघते तर नाहीच. त्याचा फोन आला आणि मला त्याचा आवाज ऐकून नुसतं बरं वाटलं. मग तुला सांगणार कसं? तू तर माझ्या रागावर घर करून राहिलेलीस."

बाहेर भट्टीत एक लाकूड फुटल्याचा आवाज आला.

ताईनं खुर्ची सरकवली. तिचा दवाखान्यातला आवाज गेला होता. "जाऊ दे माई. मी दादाला फोन करते. म्हणते आज जमत नाही. मुलीला मी बाहेरच कुठेतरी भेटेन, बाहुली देऊन येईन. वहिनीला असं... नको."

"नाही," माई म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे बघितलं. तिला स्वतःलाही तो आवाज ओळखीचा वाटला नाही.

"फोन नको करूस," ती हळू म्हणाली. "मला तिला बघायचंय."

धाकट्यानं दाराच्या चौकटीवरचा हात काढला. "मी नसेन घरी. तुमचं चालू द्या. मी डेपोत जाऊन बसतो, तिथे निदान बसगाड्या कळवून येतात."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "जायचं तर नंतर जा. आधी लांब फावडं आणा. पीठ वर आलंय आणि भट्टी थांबत नाही."

तो गेला आणि फावडं घेऊन आला. वहिनीनं भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकला. काळा पडला असता तर थांबावं लागलं असतं. सावकाश तांबूस झाला. तिनं ओल्या फडक्यानं तळ पुसला, पाव एकामागून एक आत सरकवले. माई दारातून बघत होती. हे सगळं तिनंच या मुलीला शिकवलं होतं, नवी नवरी असताना, तिच्या हातावर पहिला चटका बसला तेव्हा तोंडानं फुंकर घालून. आता तिला फुंकर घालायला जवळ जायचं म्हटलं तरी मधलं अंगण ओलांडवेना.

पाव निघाले, बिस्किटं गेली आणि निघाली, केक आत गेला. सगळ्यांनी आपापलं काम केलं. "जरा सरक", "तो डबा दे", "झाकण नीट बसलंय का", यापलीकडे कुणी शब्द खर्च केला नाही.

"तुम्ही थांबायला सांगितलंत तरी मी थांबणार नव्हते," डबे पिशव्यांत भरताना वहिनी माईला म्हणाली. "तेव्हा तेवढं मनाला लावून घेऊ नका. तुमचे दोन तास तुमचे."

*

गल्लीत सगळे तिची वाट बघतच होते. शिंप्याच्या बायकोनं चहा टाकला. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्यानं दार उघडायला नेहमीइतकाच वेळ लावला आणि मग दोघांनी एकाच वेळी डब्यात हात घातला.

"यंदा अक्रोड नाहीत वाटतं?" म्हातारा बिस्किट चावत म्हणाला.

"माईंच्या कवळीला चालत नाहीत," वहिनी म्हणाली, आणि जिना उतरताना तिला स्वतःचं हसू आलं. माईनं तिला दिलेलं खोटं तिनंच पुढे वाटून टाकलं होतं.

वाण्याच्या वळणावरून ती निघाली तेव्हा समोरून ते दोघं आले. बस उशिरा आली असावी. थोरल्याचे केस कानाजवळ पांढरे झाले होते आणि तो मुलीच्या चालीनं चालायचा प्रयत्न करत होता, जो त्याला जमत नव्हता. मुलीनं लाल स्वेटर घातला होता आणि ती एक बूट ओढत चालत होती.

त्यानं आधी तिला ओळखलं नाही. मग ओळखलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं, पण तिकडे नुसती एक भिंत होती.

"तू... कशी आहेस?" तो म्हणाला.

"बरी आहे."

"माई म्हणाली होती, तू बाहेर असशील."

"बाहेरच आहे," वहिनी म्हणाली.

तिला वाटलं होतं, असं कधी झालं तर पायातलं बळ जाईल, निदान आवाज तरी कापेल. तसं काही झालं नाही. समोर एक थकलेला माणूस उभा होता आणि त्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. ते कुणीतरी घाईत लावलं असणार. तिला वाईट वाटलं ते त्याचं नव्हे. इतकी वर्षं ती ज्याच्या नावानं या गल्लीत राहिली, तो माणूस तिला आता धड आठवतही नव्हता, याचं.

"बाबा, या कोण?" मुलीनं विचारलं.

थोरल्यानं घसा साफ केला. "आपल्या ओळखीच्या आहेत."

वहिनी खाली वाकली आणि तिनं मुलीच्या बुटाची नाडी बांधली. ती सुटलेलीच होती म्हणून. "माई वाट बघतायत," उठताना ती त्याला म्हणाली. "पुढच्या दारानं जा. मागे भट्टी गरम आहे, हिला तिकडे सोडू नका."

शेवटचा डबा चष्मेवाल्या मामांचा. दुकान सुट्टीमुळे बंद होतं, पण मामा आत बसूनच होते. त्यांना घरी जायला घर नव्हतं. ते दुकानामागेच राहायचे.

"आज बस म्हणालो तर बसशील?" ते म्हणाले. "दरवर्षी वाऱ्यासारखी येतेस आणि जातेस."

"आज बसायलाच आलेय, मामा."

मामांनी डबा उघडला, एक बिस्किट घेतलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला. तिला आठवलं, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. दोघांनी मुकाट्यानं खाल्लं. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात रिकाम्या चौकटी रांगेनं लावलेल्या होत्या.

"मामा, वरची खोली अजून रिकामीच आहे ना?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी कशासाठी ते विचारलं नाही.

"रिकामी कसली? उंदीर आहेत दोन. पण भांडखोर नाहीत."

*

ते आले आणि गेले. माई इतके दिवस मनात एवढी तयारी करत होती आणि प्रत्यक्षात तो सगळा प्रकार एखाद्या दवाखान्यातल्या भेटीसारखा झाला. थोरला खुर्चीच्या काठावर बसला आणि परतीच्या बसबद्दल बोलत राहिला. ताई त्याच्या आणि माईच्या मध्ये बसून दोघांच्या वतीनं हसत होती. मुलीला बाहुली आवडली, पण त्याहून जास्त तिचं खोकं आवडलं. "आजीला हात दे," असं थोरला म्हणाला तेव्हा तिनं हात दिला, आणि झाल्यावर काढून घेतला. "तुम्ही इथे एकट्याच राहता?" तिनं विचारलं. माई 'नाही' म्हणायला गेली आणि पुढं काय सांगायचं ते सुचेना म्हणून तिनं बिस्किटांची ताटली पुढे केली.

केक निघायच्या आतच ते उठले. ताई त्यांना बसपर्यंत पोचवायला गेली आणि तशीच ड्यूटीवर जाणार होती. धाकटा डेपोतून आलाच नव्हता.

माई अंगणात आली. केकाचा वास यायला लागला होता, गोड, मग जास्त गोड, मग जरा करपट. भट्टीचं लोखंडी झाकण तिला एकटीला उचलवत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी धरून पाहिलं. शेजारच्यांना हाक मारावी, असं तिच्या मनात आलं. पण हाक मारली असती तर कुणीतरी आलं असतं, आणि विचारलं असतं की घरात कुणी नाही का. ती पायरीवर बसून राहिली.

वहिनी आली तेव्हा अंधारून येत होतं. तिनं रिकाम्या पिशव्या खुंटीला लावल्या, काही न विचारता पदर खोचला, झाकण बाजूला केलं आणि फावड्यानं साचे बाहेर काढले.

"तळ लागलाय," ती म्हणाली.

"झाकण उचलवलं नाही मला."

"असू दे. खालचं कापून टाकू."

ती दिवा लावून ओट्याशी उभी राहिली आणि केक उलटा करून सुरीनं करपलेलं खरवडायला लागली. माई स्टुलावर येऊन बसली.

"चष्मेवाल्या मामांची वरची खोली घेतलीय मी," वहिनी पाठमोरीच म्हणाली. "सुट्टी संपली की जाईन. भाऊजींना मीच सांगेन, तुम्ही नका सांगू."

माईनं मान हलवली. ती वहिनीला दिसली नसेल, म्हणून ती "बरं" म्हणाली. थांब म्हणायला तिच्याकडे तोंड नव्हतं, आणि जा म्हणायला जीव होत नव्हता.

सुरीचा खरवडल्याचा आवाज येत राहिला. माईच्या आत दिवसभराचं सगळं भरून आलं होतं. मुलीचा आवाज, तिचं खोक्याशी खेळणं, खुर्चीवर बसल्यावर जमिनीला न टेकणारे पाय. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते खरं घडलं असं तिला वाटेना. ताईनं तर सगळं स्वतःच बघितलं होतं. धाकटा ऐकून घेणार नव्हता. इतक्या वर्षांत काहीही झालं, रात्री स्वप्न पडलं, भाजीवाला वजनात भांडला, कानात दडा बसला, तरी ते तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. तोंड उघडावं आणि समोर ती असावी, अशी सवयच झाली होती. आणि आज नेमकं तिलाच सांगता येणार नव्हतं.

"बघितलंत तिला?" वहिनीनं विचारलं.

"बघितलं."

"कशी आहे?"

माईनं मान वर केली. आवाजात टोमणा आहे का, ते तिनं शोधलं. नव्हता. वहिनीनं सुरी खाली ठेवली होती आणि ती तिच्याकडे तोंड करून उभी होती, नेहमीसारखी, ओट्याला पाठ टेकून.

"अगं, सावळी आहे," माई म्हणाली. "आणि कान अण्णांचे. तसेच बाहेर आलेले. मी बघतच राहिले. आणि बिस्किट आधी हुंगते, मग खाते."

"अण्णा तसंच करायचे."

"तेच ना. तिला कुणी शिकवलं असेल? तिनं तर त्यांना पाहिलंही नाही."

"समोरचा दात पडलाय तिचा."

"हो, इकडचा. तू..." माई थांबली. "भेटली तुला?"

"रस्त्यात. नाडी सुटली होती."

"मला तिनं विचारलं, तुम्ही एकट्याच राहता का म्हणून."

"मग?"

"मी बिस्किटं पुढे केली."

वहिनी हसली, अगदी थोडं. मग स्टुलासमोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सांगा. आली तेव्हापासून सांगा."

माईनं सांगितलं. दारातून ती कशी आली, मांजराला कशी घाबरली, बाहुलीपेक्षा खोकं कसं आवडलं, तिच्या बोलण्यात कसे दोन-तीन शब्द थोरल्याच्या लहानपणचेच होते. मध्येमध्ये वहिनी विचारत होती, केस कसे, कितवीत आहे, भूक लागली होती का, आणि माई उत्साहानं सांगत होती. मुलीचे केस कुरळे होते, आमच्याकडे तर कुणाचेच नाहीत, असं म्हणताना ती क्षणभर अडखळली. ते कुणावर गेले असतील, हे दोघींनाही कळलं. वहिनी म्हणाली, "कुरळे छान दिसतात," आणि माई पुढं बोलत राहिली. सांगण्यासारखं फार नव्हतंच. एका तासाचं कितीसं असणार? ते लवकर संपलं.

"झालं. एवढंच," माई म्हणाली.

वहिनी उठली. तिनं केकावर स्वच्छ फडकं घातलं, ओटा पुसला, अंगणातलं दार लावून घेतलं.

"अगं," माई म्हणाली. "जाशील तेव्हा सकाळची जा. संध्याकाळी नको जाऊस. संध्याकाळी मला हे घर..."



"सकाळीच जाईन," वहिनी म्हणाली.